नऊ वर्षांचा तात्पुरता जोड

तर मिस्त्रींनी दुसरा सेन्सरही बदलला आणि तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला, इथवर आपण काल आलो होतो. काल जे डुलक्या काढत होते, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो.

मिस्त्री म्हणजे गाड्यांची वायरिंग करणारे, चौतीस वर्षं तेच काम. गाडी त्यांच्या वहिनींची, वय वर्षं बावीस. वहिनी नर्स. अंथरुणाला खिळलेल्यांची ड्रेसिंगं, इंजेक्शनं करत रोज दहा घरं फिरायच्या, त्या गाडीच्या जिवावर. शुक्रवारी गाडीची तपासणी होती. स्टिअरिंगमागचा तो बिघाड दाखवणारा पिवळा दिवा जळत राहिला तर गाडी नापास, आणि नापास म्हणजे रस्त्यावरून कायमची बाद. दहा घरांचं काय, हा प्रश्न वहिनी विचारत नव्हत्या. नुसत्या रोज सकाळी गॅरेजच्या दारात येऊन उभ्या राहत होत्या. मिस्त्रींना तेवढं पुरत होतं.

आता हा सेन्सर बसतो धुराच्या नळीत. धुरात प्राणवायू किती उरला, ते इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवायचं त्याचं काम. पण गार असताना त्याला काही म्हणता काही कळत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक चिमुकला हीटर असतो. "माझ्यासारखाच," मिस्त्री म्हणायचे, "सकाळचा चहा पोटात गेल्याशिवाय डोकं चालत नाही. फरक एवढाच, चहा घेतल्यावर त्याचं चालतं."

बिघाडाचा कोड वाचायच्या यंत्रानं स्पष्ट सांगितलं होतं की हीटरच्या सर्किटमध्ये दोष आहे. मिस्त्रींनी त्यातलं 'हीटर' तेवढं वाचलं, 'सर्किट' वाचायचा कंटाळा केला, आणि सेन्सर बदलला. मग परत बदलला. तिसरा आणायला गेले तेव्हा पार्टवाला म्हणाला, "मिस्त्री, माळ ओवताय का सेन्सरांची?"

बरं, वायर तपासली नव्हती असंही नाही. सेन्सरचा प्लग काढून मीटर लावला, बारा व्होल्ट. फ्यूज पाहिला, शाबूत. मिस्त्रींनी मीटर वहिनींच्या नाकासमोर धरला. "बघा, बारा म्हणजे बारा. वायरीत खोट नाही. हल्लीचे सेन्सरच भिकार."

वहिनींनी आकडा पाहिला. "भाऊजी, माझा एक पेशंट आहे. बसलेला असला की बीपी ठणठणीत. उभा केला की गपकन खाली येतं. मी त्याला उभा करूनच मोजते."

मिस्त्रींनी मीटर वहिनींच्या नाकासमोरून खाली घेतला. ते पुढे सांगायचे, "चौतीस वर्षं मी वायरीला बसवूनच विचारत आलो, बाई गं, बरं आहे ना? ती कशाला नाही म्हणेल?"

मग त्यांनी हेडलाइटचा एक जुना बल्ब शोधला. एक टोक सेन्सरकडे जाणाऱ्या वायरीला, दुसरं गाडीच्या पत्र्याला. बल्ब पेटला, पण कसा, तर विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. मीटर बारावरून घसरून पाचावर. नुसती असताना धडधाकट, काम सांगितलं की लोळण. खोट वायरीतच होती.

मिस्त्री वायरीचा माग काढत निघाले. बॅटरी काढली, तिच्या खालचा पत्रा काढला. तिथे काळ्या टेपची एक गुंडाळी सापडली. आत तांबं हिरवंगार झालेलं, आणि वायरीच्या सगळ्या तारांपैकी दोनच कशाबशा तग धरून.

"हा बघा," मिस्त्री गरजले, "कुणा अडाण्यानं नुसत्या पीळ देऊन तारा जोडल्यात. ना कथलाचा डाक, ना वर रबरी नळी. असल्या माणसाच्या हातात पकड देऊ नये. याला खुरपं द्यावं, खुरपं."

बोलता बोलता त्यांनी टेप आणखी सोडवला. खाली मेण लावलेला दोरा होता, वर दुहेरी गाठ. अशी गाठ त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवली होती, आणि उस्ताद गेल्यावर ती मारणारा गावात एकच माणूस उरला होता. मिस्त्रींनी टेप परत गुंडाळायला घेतला.

वहिनी मात्र बोलल्या. "उंदरानं वायर कुरतडली होती तेव्हाचं ना हे? तात्पुरतं केलंय, पुढच्या आठवड्यात नीट करून देतो, म्हणाला होतात."

"कधीची गोष्ट?"

"नऊ वर्षं झाली. मी आपली वाट बघतेय."

मिस्त्रींनी मान वर न करता कुजलेला भाग कापला, नवा तुकडा डाक देऊन जोडला, वर रबरी नळी चढवली. दोन्ही टोकं तीनतीनदा ओढून पाहिली. बल्ब लावला तर डोळे दिपले. कोड पुसला. पुढच्या चार सकाळी गाडी गार असताना सुरू करून, चहासुद्धा न घेता, ते दिव्याकडे टक लावून बसले. दिवा आला नाही.

शुक्रवारी तपासणीवाल्या साहेबांनी धूर मोजला, दिवा पाहिला, कागदावर शिक्का मारला. वहिनींनी तो कागद घडी न घालता तसाच छातीशी धरला. साहेबांना नवल वाटलं. म्हणाले, "एवढी जुनी गाडी आणि इतकी स्वच्छ? दिवा लागायचा म्हणे, बिघाड नक्की काय होता, मिस्त्री?"

वहिनी दुसरीकडे बघू लागल्या. मिस्त्रींनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "साहेब, बिघाड नऊ वर्षांपूर्वी मीच बसवला होता. चांगला पक्का बसला होता, म्हणून काढायला वेळ लागला."