गाणीवाल्या बाईंचा पहिला सिनेमा

सिनेमा करण्याआधी मी बरीच वर्षं गाण्यांचे व्हिडिओ केले. लग्नातली गाणी, देवीची गाणी, पोरापोरींची प्रेमाची गाणी. आधी ती सीडीच्या दुकानांतून खपायची, मग मोबाईलवर चालायला लागली. लोणी काळभोरच्या उसात नाहीतर आमच्या धायरीच्या बांधावर कॅमेरा लावायचा आणि उजेड आहे तोवर गाणं उरकायचं. काम मला येत होतं आणि आवडतही होतं.

पहिली पटकथा लिहून झाली तेव्हा एक निर्माता तयार झाला. "फक्त एकदा सरांना दाखवा," तो म्हणाला. सर म्हणजे कोथरूडला राहणारे एक नावाजलेले दिग्दर्शक. दर रविवारी सकाळी त्यांच्याकडे नट, लेखक, विद्यार्थी जमायचे. सरांनी पटकथा ठेवून घेतली आणि पुढच्या रविवारी बोलावलं. "तुमचं एखादं गाणंही आणा. सगळ्यांना बघू दे."

मला वाटलं, कौतुक होणार. मी वडिलांनाही बरोबर नेलं. जमीन हातात होती तोवर शेती केलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीच्या कडेवर बसले.

सरांनी गाणं लावलं आणि पहिल्याच शॉटला थांबवलं. "ओढणी उडतेय, पण मागच्या झाडाचं पानही हलत नाही. म्हणजे वारा फक्त बाईंसाठी मागवलाय." सगळे हसले. गाणं पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं, पुन्हा हशा. असं शेवटपर्यंत. वडीलही हसत होते. लेकीचं काम लोकांना आवडतंय असं त्यांना वाटत होतं. मला कोपरानं ढोसून हळूच म्हणाले, "बघ, किती खूश हायत समदे."

निघताना सर त्यांना म्हणाले, "आपण उत्तम प्रेक्षक आहात." वडिलांनी हात जोडले. मग माझ्याकडे वळून सर म्हणाले, "गाणीवाल्या बाईंनी गाणीच करावीत. निर्मात्यांना तसं कळवलंय मी."

बसमध्ये वडील घर येईपर्यंत सरांचं कौतुक करत होते. मी त्यांना खरं काय ते कधीच सांगितलं नाही. निर्मात्यानं माझे फोन घेणं बंद केलं.

मी गाणी करत राहिले. पुढे सरांचे सिनेमे पडायला लागले. त्यातल्या प्रत्येकाला मी तिकीट काढून गेले. रिकाम्या खुर्च्या बघायला.

शेवटी माझ्या गाण्यांच्या कमाईवर घर बांधलेल्या एका म्युझिक कंपनीवाल्यानं मला सिनेमा दिला. तोवर सर लहानसहान भूमिका करायला लागले होते. त्यांचा स्वतःहून फोन आला. "एखादं काम असेल तर सांगा." मी म्हटलं, "आहे की."

दुधाची किटली घेऊन एक म्हातारा टेकडी चढतो, एवढाच प्रसंग. संवाद नाही. धायरीच्या मागचा उघडा चढ मी निवडला आणि वेळ भर दुपारची ठेवली. सर चढले. मी म्हटलं, "वन मोअर." परत खाली, परत वर. "वन मोअर." मग मी किटलीत खरंच पाणी भरायला लावलं.

माझा कॅमेरामन गाण्यांच्या काळापासूनचा. तो जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, दुसराच टेक ओके होता."

"माहितीये मला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तो कॅमेऱ्यामागे जाऊन बसला. सर पुन्हा वर पोचले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "राग आहे तोवर घ्या टेक, माझी हरकत नाही. पण ऊन सरकलंय. सावल्या जुळायच्या नाहीत."

सगळं युनिट ऐकत होतं. मी पॅकअप सांगितलं. तोही डाव त्यांनीच मारला होता.

पण एडिटिंगच्या खोलीत सर नव्हते. शेवटच्या टेकमध्ये त्यांचा चेहरा असा काही आला होता की एडिटरनं हातातला चहा खाली ठेवला. "मॅडम, हाच." मी म्हटलं, "नको, मागून घेतलेला पाठमोरा टेक लाव." तो वाद घालत राहिला, मी ऐकलं नाही. पडद्यावर एक पाठ टेकडी चढते आणि दिसेनाशी होते.

पहिला खेळ कोथरूडलाच ठेवला. सरांना मी स्वतः फोन करून बोलावलं, ओळीच्या मधोमध बसवलं. त्यांचा प्रसंग आला तेव्हा मी सिनेमा बघत नव्हते, त्यांना बघत होते. ते पुढे सरकून बसले. दृश्य संपलं तरी तसेच बसून होते, जणू अजून काही यायचं होतं.

खेळ सुटल्यावर दारात भेटले. "अभिनंदन. सिनेमा जमलाय," म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

आत लोक माझी वाट बघत होते. मी पायरीवरच उभी राहिले. सर रस्त्याच्या कडेला रिक्षाला हात करत होते. दोन रिक्षावाले मान हलवून पुढे निघून गेले. तेही मला बरं वाटलं.