दान नको, भाकर खा

भाकर करपल्याचा वास आला की मला दुष्काळानंतरचा तो हिवाळा आठवतो. पेडगावाकडच्या आमच्या बौद्ध वस्तीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल व्हायचा. तिथं मुरूम टाकायला परभणीच्या शेतकी कॉलेजची पोरं आली. कॉलेजच्या सरांनी वरच्या वर्गातला एक पोरगा त्यांचा म्होरक्या नेमला होता. तो म्हणाला, “काका, आमी श्रमदान करायला आलोत.” मी त्याचं घमेलंच धरलं. “धर्म बदलला तवाच दान घ्यायचं सोडलं आमी. चिखल तुडवू, पण दान न्हाई.” शेजारी ओरडला, “ह्याच्या ताठ्यापायी आलेला रस्ता परत जायलाय!” पोरगा म्हणाला, “मग काम आमचं, दुपारची भाकर तुमच्या घरची. फिटंफाट.” मी घमेलं सोडलं आन् घरचीला चूल पेटवायला सांगितली. आमच्या घरात तवर वस्तीबाहेरचं कुणी जेवलं नव्हतं. घरचीनं घाईत थापलेली एक भाकर करपली, ती लाजून बाजूला सारायली, तर त्या म्होरक्या पोरानं तीच उचलली आन् मोडून तोंडात घातली. बाकीची पोरं एकमेकांकडं बघत बसली. एक उठून गेला, इतरांनी हात पुढं केले. रस्ता झाला. अजूनही कुणी श्रमदानाचा फलक घेऊन वस्तीत आलं की मी दारातच विचारतो, “आमच्यात जेवणार का?”