मोहाखालची हाक

मी कथा लिहिते याचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या मैत्रिणीला. आम्ही दोघी एटापल्लीकडच्या एकाच शाळेत शिकवतो, त्यामुळे पहिला खर्डा मधल्या सुट्टीत तिच्याच कानांवर आदळतो. "मले चहा तरी पिऊ दे वं बाई," म्हणत ती ऐकते आणि चुका बरोब्बर काढते.

त्या वर्षी मी एका मुलीच्या आत्महत्येची कथा लिहिली. शेवटावर मी भलतीच खूश होते. मुलगी जाते, चांदणं पडतं, सगळीकडे शांत शांत होतं. वाचून मान वर केली, तर मैत्रिणीचा चहा तसाच. म्हणाली, "किती बरं वाटलं असन ना तिले. सुटली."

मी वही मिटली. ती हल्ली मोजकं बोलते, डबा तसाच परत नेते, हे मी बघत होते. मरणाबद्दल विचारलं की ते उलट मनात शिरतं, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी सरळ विचारलं, "तुह्या मनात मरायचं येऊन राह्यलं का?" तिनं हो म्हणून मान हलवली आणि ढसाढसा रडली. त्या दिवशी मी तिला एकटं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला घेऊन आम्ही चंद्रपूरला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो.

ती कथा मी तशी छापायला दिलीच नाही. मरणाला मी नटवलं होतं आणि त्या मुलीच्या मैत्रिणींना काही कामच दिलं नव्हतं. आमच्याकडे मोहफुलं वेचताना वाघाच्या भीतीनं बायका एकमेकींना हाका देत राहतात. एखादीची ओ आली नाही, तर भरल्या टोपल्या टाकून सगळ्या तिला शोधायला धावतात. शेवट मी तसाच बदलला. मैत्रिणी टोपल्या टाकून धावतात, मुलगी सापडते, पण लगेच हसत नाही. "मले घरी घेऊन चला," एवढंच म्हणते.

ऐकून मैत्रीण म्हणाली, "अन् मोहाचं काय? सांडला ना सगळा!" कितीतरी दिवसांनी ती मला चिडवत होती. मला रडूच फुटलं.

तिच्या गोळ्या चालू आहेत आणि वाईट दिवस अजूनही येतात. यंदा तिच्या माहेरी आम्ही पहाटे मोह वेचायला गेलो. झाडांआड ती दिसेना, म्हणून मी हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. मी टोपली टाकून पळत सुटले, तेवढ्यात मागून आवाज आला, "हाये वं मी इथीच! टोपली काऊन सांडवली?"