जमीन घेतली, पाणी नाही

शहरात उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत राहून आम्हा नवरा-बायकोला शेतीची हौस आली, तेव्हा सल्ल्याला माझा थोरला भाऊ गावाहून आला. दौलताबादच्या पुढं एक तुकडा विकायचा आहे, असं कळलं होतं. बसमध्ये भाऊ आम्हा दोघांना सारखा बजावत होता, "वाट कुठून हाय ते बघायचं. बांधावरच्या लोकांना इचारायचं. मालक सांगंल त्याच्या उलटं धरून चालायचं."

मालक म्हणजे शहरात कापडाचं दुकान असलेले सत्तरीचे चाचा. ते लिंबाखाली पाण्याची सुरई घेऊन बसले होते. भावानं गाडीवाट पाहिली, बांध पाहिले, शेजाऱ्याशी बोलून आला. सगळं ठीक होतं. मग कोपऱ्यातल्या विहिरीत डोकावला आणि हरखलाच. ऐन वैशाखात आत पाणी होतं.

"मोटार बसवली की सगळं बागायत," तो माझ्या कानात म्हणाला.

चाचांनी ते ऐकलं असावं. "आधी खाली उतरून बघा बाई," ते म्हणाले. "मग बोलू."

आतल्या बाजूनं दगडी पायऱ्या होत्या. हे वरच थांबले, मी नि भाऊ उतरलो. वरचं ऊन दोन-चार पायऱ्यांतच संपलं आणि अंगावर गारवा आला. तळाशी पोहोचले आणि मला कळेना, आपण कशात उभे आहोत. समोरासमोरच्या भिंतींत खडक फोडून केलेली दोन तोंडं होती, माणूस वाकून जाईल एवढी. एकातून पाणी येत होतं, दुसऱ्यातून जात होतं. खळखळाट नाही, घाई नाही. मी हात बुडवला, तर पाण्यानं तो हळूच पुढं ढकलला. भावाकडं पाहिलं. त्यानं पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या होत्या.

वर आल्यावर चाचा म्हणाले, "ही विहीर नाय, नहर हाय. लई जुनी. डोंगरातून येती, खालच्या वस्तीच्या हौदात जाती. जमीन माझी, पाणी माझं नाय. अब्बांनी मोटार लावली नाय, मीबी नाय. तुमी लावणार असाल तर हा सौदा नक्को."

"कागदावर तर विहीर लिवलीय," भाऊ म्हणाला.

"लिवलीय ना. म्हणून तर उतरवलं तुमाला."

आम्ही वस्तीवर गेलो. हौद काठोकाठ भरलेला, बाया घागरी भरत होत्या. एकीला विचारलं, हे पाणी येतं कुठून?

"काय म्हाईत बाई. लगीन होऊन आले तवापासून येतंय. दुष्काळात बारीक झालं व्हतं, पर थांबलं नाय."

मागं वळून पाहिलं. नुसता तापलेला, नांगरलेला उतार. वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. कुणीतरी कुठल्या काळी या खडकाच्या पोटात, अंधारात, पाण्याला पुरेल एवढाच उतार धरत खोदत गेलं होतं, आणि त्या माणसांनी कधी न पाहिलेल्या बायका आज इथं घागरी भरत होत्या. मला भरून आलं.

परतीच्या बसमध्ये भाऊ म्हणाला, "घ्या. पर कोरडवाहू म्हणून घ्या."

तशीच घेतली. खरेदीखतात मोटार न लावण्याचं आम्हीच घालायला सांगितलं, तेव्हा लिहिणारा दोनदा विचारून खात्री करून घेत होता. यांचा हात चाचांनी बराच वेळ हातात धरून ठेवला.

पावसाच्या भरवशावर सीताफळं लावली. पहिली रोपं शेळ्यांनी तुडवली, म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आणि पुन्हा लावली. ती मात्र खडकाळ मातीतही तगली. पहिली फळं उतरली तेव्हा मी एक टोपली दुकानात चाचांना नेऊन दिली आणि दुसरी वस्तीवर.