अर्धी गोळी

जगात कोणतीही गोष्ट पुरी घेऊ नये, असा आमच्या मोठ्या काकूंचा सिद्धांत आहे आणि त्यापुढे उज्जैनमधला एकही माणूस आजवर टिकलेला नाही. टावर चौकात त्या पोह्यांची अर्धी प्लेट मागतात. मिळत नाही म्हटलं की पुरी प्लेट घेतात, त्यातले अर्धे पोहे शेजारच्या अनोळखी माणसापुढे सरकवतात आणि तो नको म्हणाला तर त्यालाच रागावतात. देवास गेटला जायचं तर अर्ध्या वाटेपर्यंत ऑटो, पुढे पायी. सिनेमा मध्यंतरापर्यंतच, कारण नंतर नुसती रडारड असते. राम घाटावर संकल्प सांगणाऱ्या गुरुजींनाही त्यांनी एकदा मध्येच थांबवलं होतं, "पंडितजी, इतना बहुत है, भगवान समझदार हैं." आम्ही घरात यावर मनसोक्त हसतो. मीही हसायचे, वहिनीच्या गोळीवर अडकित्ता चालेपर्यंत.

वहिनीला सातवा महिना होता. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरबाईंनी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी लिहून दिली. काकूंनी तिथे मान डोलावली, घरी येऊन सुपारीचा अडकित्ता काढला आणि गोळीचे दोन तुकडे केले. एक सकाळी, एक संध्याकाळी. पोटातल्या जिवाला पुरी गोळी सोसत नाही, म्हणाल्या. मी भांडले. दादा मोबाइलमध्ये बघत राहिला. बाबा म्हणाले, मोठ्यांशी वाद नको. हेच बाबा रोज सकाळी स्वतःची बीपीची गोळी घेतात आणि त्यासाठी कोमट पाणी काकूच आणून देतात. त्या गोळीला अडकित्ता लावायचं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. पुरुषाचा रक्तदाब म्हणजे आजार आणि बाईचा म्हणजे नाजूकपणा, हे ठरवलं कुणी? बाळाची काळजी सगळ्यांना होती. ज्या बाईच्या पोटात ते होतं तिचं डोकं ठणकत होतं, पायांवर सूज चढत होती, आणि सगळे म्हणत होते, या दिवसांत असं व्हायचंच.

पुढच्या तपासणीला आकडा उतरायच्या ऐवजी चढलेला निघाला. गोळ्या नीट घेतेस ना, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. काकू पंख्याकडे बघायला लागल्या. भाजीत मीठ कमी आहे एवढंही आमच्या घरात कधी न बोललेली वहिनी म्हणाली, "नहीं मैडम, आधी. घर में आधी ही मिलती है."

डॉक्टरबाई आवाज न चढवता बोलल्या, ते जास्त लागलं. वाढलेल्या दाबानं झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. आणि ही गोळी गरोदरपणात चालते म्हणूनच तर निवडली आहे. वहिनीला त्यांनी तिथेच दाखल करून घेतलं.

बाहेरच्या बाकावर काकूंना सुनावायला माझ्याकडे पुष्कळ होतं. पण आधी त्याच बोलल्या.

"माझं पहिलं गेलं ना, तेव्हा माझंही डोकं असंच दुखायचं. तोंड सुजलेलं. सहन होईना म्हणून डोकेदुखीची एक गोळी घेतली. नंतर ते पोटातच गेलं. सासूबाई मरेपर्यंत म्हणत होत्या, गोळी खाऊन घालवलंस."

तेव्हा तुमचं बीपी कुणी मोजलं होतं का, मी विचारलं.

"माझं कोण मोजणार?" त्या म्हणाल्या.

माझा राग तसूभरही कमी झाला नाही, फक्त त्याचं तोंड फिरलं.

वहिनीला पुऱ्या गोळ्या मिळाल्या, दाब आटोक्यात आला. मुलगी जरा लवकर आली, वजनानं कमी, पण आवाजानं दणदणीत. परवा तिला मांडीवर घेऊन काकू दुपारच्या उन्हात बसल्या होत्या. बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "हिच्या आईनं इतक्या गोळ्या घेतल्या. हिला काही झालं नाही."

"नाही झालं."

"मग माझंही गोळीनं नसेल गेलं."

मी काही डॉक्टर नाही. त्या वेळी काय झालं होतं, ते आता कुणालाच कळणार नाही. तरी मी म्हणाले, "गोळीनं नाही, काकू."

त्यांनी बाळाच्या तोंडावर येणारं ऊन पदरानं अडवलं. "सासूबाई असताना कुणीतरी सांगायला हवं होतं गं," त्या म्हणाल्या.