निळ्या ठिगळाचा तंबू

ते प्रकरण अजूनही माझ्या मनातून गेलेलं नाही, कारण त्यात मी सहा निरपराध माणसांवर फसवणुकीचा गुन्हा दाखल करायला निघालो होतो.

करोनाची दुसरी लाट ओसरत होती. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत, कुणाच्या शिफारशीशिवाय सहायक निरीक्षक झालो. लहानपणी तिसगावच्या बाजारात शेळ्या विकल्या होत्या. त्यामुळे समोरच्याचं खरंखोटं मला चेहऱ्यावरून कळतं, असा माझा समज होता.

एके दिवशी टपालाने निनावी अर्ज आला. करोनात बंद पडलेल्या पर्यटन व्यवसायांना तेव्हा सरकार आर्थिक मदत देत होतं. धरणाकाठच्या एका वाडीतल्या सहा घरांनी ती मागितली होती. ही घरं पर्यटकांना तंबूत उतरवायची, जेवू घालायची. ‘सहाही अर्ज बोगस आहेत, फोटो पाहा,’ एवढंच त्या पत्रात होतं. मी संबंधित खात्याकडून कागद मागवले. सहाही अर्जांना तंबूचा फोटो होता आणि प्रत्येक फोटोत तंबूच्या डाव्या बाजूला तेच निळं ठिगळ होतं. प्रत्येकाने हमीपत्रावर लिहून दिलं होतं, तंबू माझ्या मालकीचा आहे.

सहा जणांना ठाण्यात बोलावलं आणि एकेकाला वेगळं बसवून जबाब घेतले.

“तंबू कुणाचा?”

“माजा.”

पुढच्याला विचारलं. “माजाच की.”

शेवटी एक चाळिशीच्या बाई आल्या. वाडी त्यांना आक्का म्हणायची. त्यांचंही तेच उत्तर आल्यावर माझा तोल गेला. टेबलावर हात आपटून मी ओरडलो, “एका तंबूला सहा मालक? मला खुळा समजता काय?”

“वरडू नका, सायेब,” आक्का म्हणाल्या. “ज्याची पाळी त्याचा तंबू. ह्या शनवारी माजी, फुडल्या शनवारी दिराची. सहा घरांनी मिळून घेतलाय. पाळीत फाटला तर शिवायचा बी त्यानंच. ते ठिगाळ मी लावलंय, घरावरच्या ताडपत्रीचं.”

“मग बाकीचे पाच जण हे का बोलले नाहीत?”

“तुमी बोलू दिलं का? ‘माजा’ मनलं की, चल, फुडचा.” मग त्यांचा आवाज उतरला. “मदत थांबली तर सहाबी घरांना कुलपं लावून नारायणगावला मजुरीला जावं लागंल. आमी खोटं न्हाई बोललो.”

“कागदावर आहे का कुठे ही पाळी?”

“तुमच्याच ठाण्यात हाय. दर शनवारी कुणाकडं कोन पाव्हणं उतरलं त्याची यादी तुमचा हवालदार घेऊन जायचा. त्या काय वड्याला गुंडाळल्या व्हय?”

बाहेर ठाणे अंमलदार हसला. मी पाहताच त्याने डायरीत डोकं घातलं.

धरणात एक पर्यटक बुडाल्यानंतर आमच्याच ठाण्याने त्या याद्या सुरू केल्या होत्या, माझ्या बदलीच्या आधी. जुन्या कपाटात गठ्ठे सापडले. प्रत्येक यादीखाली त्या शनिवारच्या घरमालकाची सही नाहीतर अंगठा होता. तीच सहा नावं ओळीने फिरत होती, थेट टाळेबंदी लागली त्या आठवड्यापर्यंत. धंदा सहाही घरांचा खरा होता. छापील हमीपत्रात मालक एकच बसत होता, यांची पाळी बसत नव्हती. मी खुर्चीत बसलो आणि ग्लासभर पाणी प्यायलो. गुन्ह्याचा मसुदा तयार होता, तो फाडला.

मग मदत देणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो. ते म्हणाले, “चार मंजूर करू, दोन सोडा.”

“सहा.”

“बरं, पाच.”

“साहेब, मी बाजारात वाढलोय. सहाच्या खाली उतरणार नाही. तंबू सामाईक असल्याचं नवीन हमीपत्र घ्या, फसवणुकीचा हेतू नाही असा अहवाल मी माझ्या सहीने देतो.”

त्यांनी सहाही अर्ज मंजुरीला घेतले. मला मात्र वरून कारणे दाखवा नोटीस आली, गुन्हा का नोंदवला नाही म्हणून. माझ्या मागून थेट फौजदार म्हणून भरती झालेल्यांना त्या वर्षी प्रशस्तिपत्रं मिळाली. माझ्या सेवापुस्तकात ती नोटीस आहे. याचा राग मला आजही येतो आणि तो मी लपवत नाही.

पण त्या प्रकरणाने मला प्रश्न विचारून गप्प बसायला शिकवलं. माणूस ‘हो’ म्हणाला की मी पुढचा प्रश्न टाकायचो, आणि खरी गोष्ट त्या ‘हो’च्या नंतर असायची. त्यानंतरच्या प्रत्येक जबाबात मी शेवटी विचारायचो, “आणखी काही सांगायचंय?” आणि थांबायचो.

मंजुरीला महिना लागला. मी स्वतः वाडीत गेलो, तेव्हा दोन घरांना कुलूप होतं. मी बातमी सांगितली. आक्कांनी तिथेच दिराला मोबाईल लावला. “कुठं हायेस? कांद्यात? खुरपं ठिव खाली आन् पोरांना घिऊन माघारी ये. व्हय, सहाबी घरांचं झालं.”

पलीकडून तो इतक्या मोठ्याने काही बोलला, की मलाही आवाज ऐकू आला. तो रडत होता, की हसत होता, मी विचारलं नाही.