उघड्या गुडघ्यांनी बसवलेली रांग

आमच्या स्वयंपाकघराची फरशी बदलायला मिस्त्री आले, ते जिना आडव्या पावलांनी चढत. एका हाताने कठडा धरलेला, दुसरा मांडीवर. मागून त्यांची मुलगी अवजारांची पिशवी घेऊन आली. ती शाळेत माझी विद्यार्थिनी होती. तेव्हाही तिला सगळे ठिणगीच म्हणायचे. मिस्त्रींचं आयुष्य फरशीवर गुडघे टेकण्यात गेलं आणि सांधे झिजले. आता हात तिचे चालतात, ते उलट्या बादलीवर बसून देखरेख करतात.

माणूस तसा मऊ. कुणाशी चढ्या आवाजात बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मुलीच्या गुडघ्यांचा विषय निघाला की मात्र तोल सुटायचा.

"गाद्या बांध."

गुडघ्यांना पट्ट्यांनी बांधायच्या जाड रबरी गाद्या त्यांनी स्वतः तिला आणून दिल्या होत्या.

"बांधल्यात हो, बाबा."

"मग अधूनमधून उठ. पाय मोकळे कर. सगळा भार एकाच गुडघ्यावर नको."

"काम करू की कवायत?"

दुसऱ्या दिवशी ते सिमेंट मागवायला खाली गेले होते. परत येऊन बघतात तर गाद्या नळाला लटकलेल्या आणि ठिणगी उघड्या गुडघ्यांवर शेवटची रांग बसवतेय.

"हे काय चाललंय?"

"गाद्यांनी खालचं काही कळत नाही. उघड्या गुडघ्याला फरशीचा चढउतार लगेच लागतो. तुम्हीच सांगायचात ना चारचौघांत, छाती फुगवून? म्हणे माझ्या गुडघ्याला लेव्हल कळते!"

मिस्त्रींचा चेहरा लालबुंद झाला.

"सांगायचो! गाढव होतो म्हणून सांगायचो! उस्तादाने माझ्या डोक्यात भरलं, मी तुझ्या. आज त्याच गुडघ्यांना जिना चढवत नाही, ते दिसत नाही तुला?"

त्यांनी थापी उचलली, ओट्याला धरून कसेबसे वाकले आणि नुकतीच बसवलेली फरशी उपटायला लागले. खालचा सिमेंटचा माल अजून ओला होता. एक निघाली, दुसरी निघाली.

"बाबा! लेव्हल बरोबर आहे!"

"बरोबर आहे म्हणूनच काढतोय. वाकडी असती तर तुझी तूच शहाणी झाली असतीस. छान जमलीय, म्हणजे उद्या पुन्हा अशीच बसशील."

मी मध्ये पडणार होते, पण ठिणगी त्याआधीच उभी राहिली.

"आणि तुमचं काय हो? डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायला सांगितलं, रोज चालायला सांगितलं, मांड्यांचे व्यायाम दाखवले. केलेत कधी? दिवसभर त्या बादलीवर ठाण मांडून बसायचं आणि मला हुकूम सोडायचे!"

"माझे गुडघे गेलेत आता."

"गेले नाहीत, दुखतायत! गेले म्हटलं की बरं असतं, हलायला नको."

हे त्यांना वर्मी लागलं. थापी हातात तशीच राहिली. ठिणगीचे डोळे भरून आले होते, पण आवाजातला राग तसूभर कमी झाला नाही. तिने नळावरच्या गाद्या ओढल्या आणि पट्ट्या अशा काही आवळल्या की तुटतात की काय असं मला वाटलं.

"या बघा, बांधल्या. आता तुम्ही खुर्चीवर बसा आणि पाय उचला. माझ्यासमोर."

मी मुकाट्याने खुर्ची पुढे केली. मिस्त्री धाडकन बसले. उजवा पाय सरळ करून अधांतरी धरला तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर तटतटली होती. जणू त्या पायाशीच त्यांचं हाडवैर होतं. ठिणगीने पुन्हा माल पसरला, फरशी ठेवली, रबरी हातोडीने ठोकली आणि कान लावून ऐकलं.

"बाई, आवाज भरीव येतोय, खाली कुठे पोकळ नाही," ती मला म्हणाली, पण वडिलांना ऐकू जाईल अशा बेताने. मग मान वर न करताच तिने फर्मावलं, "आता डावा."

"उचलतोय ना!" मिस्त्री खेकसले आणि डावा पाय उचलला.